बयचं झाड आणि जावई

साल एकोणीसशे त्र्याण्णव. त्या सुमारास वसईत घरोघरी बंगल्याचं वारं शिरलं होतं. कौलं उतरत होती, स्लॅब चढत होते, आणि ज्याच्या अंगणात रेतीचा ढीग नाही तो मागासलेला, असा एकंदर कारभार. नंदाखालच्या सॅन्टनने तरी का मागे राहावं? जुन्या घरात माणसं एकमेकांच्या पायांत येतात, असं म्हणत त्याने विहिरीच्या अंगाला नवं घर बांधायचं काढलं. त्या जागेत एक शेवगा होता, दोन पोफळी होत्या आणि बयचं झाड होतं.

बय म्हणजे सॅन्टनची आणि पॉलिनची आई. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्या हयातीत कुठल्याशा कंपनीची माणसं गावात आली आणि नारळाखाली लावायला कोकोची रोपं वाटून गेली. ज्याचं चॉकलेट करतात तो कोको. काही वर्षं कंपनीची गाडी येऊन ओल्या बिया घेऊन जायची, मग ती यायची बंद झाली. गावाने कोको तोडून केळी लावली. बयने मात्र दोन झाडं राखली. त्यातलं एक असं धरायचं की फणसाने लाजावं. बुंध्याला, फांद्यांना, जागा मिळेल तिथे पिवळीधमक, शिरांची फळं. फोडलं की आत पांढऱ्या गोड गरात गुंडाळलेल्या बिया. पोरं गर चोखायची. बय बिया आंबवून, वाळवून, भाजून कुटायची आणि नाताळच्या सकाळी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर अख्ख्या आळीला दुधात घालून पाजायची.

दुसरं झाड त्याच्या शेजारीच, इतकं जवळ की दोघांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. अंगाने दांडगं, पानांनी भरगच्च. फळं मात्र वर्षाकाठी दोन-चार, तीही चिमुकली. बयने त्याचं नाव ठेवलं होतं 'जावई'. "सावलीत बसतो, पाणी पितो, आणि काम सांगितलं की वर आभाळाकडे बघतो," असं ती खऱ्या जावयासमोर म्हणायची. खरा जावई म्हणजे पॉलिनचा नवरा ॲन्सेल्म. तो म्हणायचा, "बय, त्याला निदान पाणी तरी वेळेवर मिळतं."

पॉलिन पापडीला दिलेली. त्या साली पंचेचाळिशीला टेकलेली, आवाजाने खणखणीत, आणि एकदा मनाने घेतलं की पदर खोचून उभी राहणारी. घर बांधण्याआधी कागद नीट करावेत म्हणून सॅन्टनने तिला हक्कसोडीच्या सहीला बोलावलं. आमच्याकडे बहिणी सही करतात, जेवतात आणि भावाने दिलेली साडी घेऊन सासरी जातात. पॉलिनने सही केली, जेवलीही. साडी मात्र तिने वहिनीच्या हातात परत ठेवली.

"मला साडी नको. बयचं झाड दे."

सॅन्टन हसायलाच लागला. "झाड काय काखोटीला मारून नेणार? ते पायाच्या खड्ड्यात येतंय. मिस्त्रीने आखणी केलीय."

"झाड तू तोड. मला फांद्या दे."

"बिया ने की! ढीगभर आहेत."

"बिया लावून झाल्या माझ्या. तीन झाडं आली, तिन्ही तीन तऱ्हांची. एकालाही बयच्या झाडाची सर नाही, काढून टाकली मी. बी म्हणजे पोर, ते आईसारखं निघेलच असं नाही. फांदी म्हणजे ती स्वतः."

ती म्हणत होती ते खरं होतं, हे सॅन्टनलाही ठाऊक होतं. दोघांचं लहानपण पानमळ्यात गेलेलं. पानवेलीचं बी कोणी लावत नाही. चांगली वेल हेरायची, तिचंच बेणं कापायचं आणि सगळा मळा त्या एका वेलीचा करायचा. केळीचंही तेच. एक चांगली आई मिळाली की वाडी भरली, हे त्यांच्या बापाचं ब्रीद होतं.

क्लेमेंटीन, सॅन्टनची बायको, भांडी उचलता उचलता म्हणाली, "जावयाच्याही ने चार फांद्या. तो घराच्या आखणीबाहेर राहतोय, धुण्याच्या दगडावर सावलीला ठेवणार आहोत आम्ही."

"जावई तुम्हालाच लखलाभ," पॉलिन म्हणाली. "माझ्या घरी एक आहे, तेवढा पुरे."

सॅन्टनने नोव्हेंबरातल्या मृतांच्या सणापर्यंत झाडाला हात न लावायचं कबूल केलं.

कोकोची फांदी पानवेलीसारखी नुसती मातीत खोचून जगत नाही, हे पॉलिनला ठाऊक होतं. ती थेट तालुक्याच्या कृषी पर्यवेक्षकांकडे गेली. जयवंत मोहिते त्यांचं नाव. मूळचे साताऱ्याकडचे, विरारला फ्लॅट घेऊन राहिलेले. ऊस आणि ज्वारीत वाढलेला तो माणूस कोको म्हटल्यावर आधी खुर्चीत सरळ बसला.

"पॉलिनताई, मी कोको फक्त कपातला बघितलाय."

"मग आता झाडातला बघा. मुळं फुटायचं औषध असतं म्हणे, ते मला हवंय."

मोहित्यांनी दापोलीच्या कृषी विद्यापीठात विचारून माहिती काढली आणि आठवड्याने एक डबी घेऊन स्वतः पापडीला आले. आत पांढरी भुकटी, टाल्कम पावडरीसारखी. "याला संजीवक म्हणतात. फांदीचं खालचं टोक ओलं करायचं, यात टेकवायचं, झटकायचं आणि लावायचं. झटकायला विसरू नका."

झटकायचं ते पॉलिनला पटेना. एवढं मोलाचं औषध, ते झटकून टाकायचं? श्रावणातल्या एका पहाटे तिने नंदाखालहून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, हिरव्याच्या तपकिरी होत आलेल्या फांद्या कापल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून रिक्षाने आणल्या, पानं कात्रीने निम्मी केली, आणि भजी पिठात घोळवावीत तशी एकेक फांदी भुकटीत घोळवली. रेती आणि काथ्याचा भुसा भरलेल्या खोक्यांत त्या लावल्या. वर पानमळ्याच्या सवयीने सकाळ-संध्याकाळ झारीभर पाणी.

दोनेक आठवड्यांनी पानं गळली. एक फांदी उपसून पाहिली तर खालचं टोक काळं ठिक्कर, जळल्यासारखं. दुसरी कुजलेली. तिसरीही तशीच. ॲन्सेल्म पाठीमागे येऊन उभा राहिला.

"भज्यांना तेल जास्त झालं वाटतं."

"तुम्ही गप्प बसा हो."

"बसतो. पण मोहिते काय म्हणाले होते?"

मोहिते येऊन पाहून गेले. रागावले नाहीत. म्हणाले, "औषध मिठासारखं असतं, ताई. चिमूट चुकली की जेवण गेलं. आणि या पोरींना पिण्यापेक्षा दमट हवा जास्त लागते. पानं नाहीशी झाली तर मुळं कोण काढणार?"

पॉलिनने तोंड वाकडं केलं नाही, रडगाणंही गायलं नाही. खोकी रिकामी केली, रेती उकळत्या पाण्याने धुतली, बांबूच्या कामट्या वाकवून खोक्यांवर कमानी केल्या, वर प्लॅस्टिक ताणलं आणि सगळं प्रकरण नारळाच्या दाट सावलीत हलवलं. पाऊस ओसरताना ती दुसऱ्यांदा नंदाखालला गेली. या वेळी फांदीचं टोक भुकटीला नुसतं लावलं, बोटाने टिचकी मारून झटकलं आणि खोचलं. पाणी फवाऱ्याने, पानांवर दव पडल्यासारखं. प्लॅस्टिकच्या आत घामाचे थेंब जमायचे आणि ती रोज वाकून ते बघायची, तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तशी.

महिना लोटला, पानं हिरवीच. एका सकाळी तिने एक फांदी हलकेच ओढली, ती येईना. मातीने धरून ठेवली होती. तिने बोटांनी रेती बाजूला केली, तर खाली पांढरी शुभ्र मुळं, शेवयांसारखी.

"अहो, या इकडे!"

ॲन्सेल्मने बघितलं, टोपी काढली आणि म्हणाला, "आता सासूबाई इथेच राहायला आल्या म्हणायच्या."

त्याच दिवशी मोठ्या आनंदाने ती नंदाखालला सांगायला गेली. विहिरीजवळ पोहोचली आणि थबकली. बयचं झाड पडलेलं होतं. मिस्त्रीला दुसरं काम लागलं म्हणून त्याने घाई केली होती आणि सॅन्टनने हो म्हटलं होतं. बुंध्यावरची फळं तशीच, अर्धी कच्ची.

"तुझ्या फांद्या नेऊन झाल्या होत्या ना?" सॅन्टन म्हणाला.

"सांगायचं तरी होतंस."

एवढंच बोलून ती फिरली. चहालाही थांबली नाही. त्यानंतर मयतीला आणि सणाला नंदाखालच्या चर्चमध्ये दोघं भेटत, मान हलवत आणि आपापल्या बाकावर जाऊन बसत.

पुढच्या जूनमध्ये पॉलिनने नारळाखालची केळी काढून तिथे कोको लावला. शंभरावर रोपं, सगळी एका झाडाची. ॲन्सेल्मने खड्डे खणून दिले, पण मनातून तो केळीवाला. झाडं वाढली ती उंच नाही. आडवी, पंख पसरलेल्या कोंबडीसारखी. मोहित्यांनी समजावलं की बाजूच्या फांदीपासून केलेलं रोप जन्मभर फांदीसारखंच पसरतं, छाटून वळण लावावं लागतं. पॉलिनने कात्री हातात घेतली आणि वळण लावलं. तिसऱ्या वर्षी बुंध्यांवर फुलं आली. इवली, पांढरी-गुलाबी, चांदण्यांसारखी, थेट सालीवर उमललेली.

आणि दुसऱ्या दिवशी गळून पडली.

पुन्हा आली, पुन्हा गळली. ते वर्ष असंच गेलं. पुढच्या वर्षी फुलांनी बुंधे झाकले, आणि खाली सडा. एक फळ नाही. मोहिते म्हणाले की कोकोचं फूल मधमाशीच्या कामाचं नाही, चिलटासारखे किडे ते फळवतात आणि ते कुजक्या पाल्यात जन्मतात. तुमची वाडी फार झाडलेली आहे. पॉलिनने झाडू ठेवून दिला. केळीचे कुजके खांब आणून झाडांखाली टाकले. चिलटं इतकी झाली की ॲन्सेल्मला वाडीत उभं राहून विडी ओढता येईना. फळ मात्र आलं नाही.

पापडीत चर्चा व्हायला काय वेळ लागतो? "पॉलिनबाय, चॉकलेट कधी देतेस?" असं पोरंसुद्धा विचारायची. ती म्हणायची, "दात शाबूत ठेवा, देईन." पण घरात आल्यावर ती खाटेवर बसायची ती बराच वेळ उठायची नाही. लोक हसतात याचं तिला तेवढं नव्हतं. बयचं झाड आता जगात फक्त तिच्या वाडीत होतं. ते इथे फळलं नाही, तर ते संपलं, आणि ते संपवलं तिने, चांगल्या जागेत लावून.

सत्त्याण्णव सरताना ॲन्सेल्म एका रात्री जेवता जेवता म्हणाला, "पुढच्या नाताळपर्यंत बघू. नाहीतर केळी लावतो. तुझ्या बयला मी कमी मानत नाही, पण वाडीने काही दिलं पाहिजे."

"देईल," पॉलिन म्हणाली. कशाच्या जोरावर, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात सॅन्टनच्या मुलीचं, रोझलीनचं लग्न ठरलं. मांडवाच्या दिवशी पहिलं दळण आत्याच्या हातचं, ही त्यांच्या घरची रीत. आत्या एकच. सॅन्टन स्वतः आमंत्रण घेऊन पापडीला आला, ओट्यावरच बसला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "जात्यावर बसायला कोणी नाही."

"येईन. पोरीसाठी येईन," पॉलिन म्हणाली. "चहा घेणार का?"

"घेईन."

मांडव नव्या घरापुढे घातला होता. जातं ठेवलं होतं धुण्याच्या दगडाजवळ, जावयाच्या सावलीत. पॉलिन खुंटा धरून बसली, समोर क्लेमेंटीन. तांदूळ पडू लागले, गाणं झालं, आणि बायका पांगल्यावर दोघीच उरल्या.

"तुझ्या बागेला काही धरलं का?" क्लेमेंटीनने विचारलं.

"फुलं धरतात."

"आमच्याकडेही तेवढंच." क्लेमेंटीनने मान वर करून झाडाकडे पाहिलं. "पूर्वी हा जावई दोन-चार तरी फळं द्यायचा. तुझं झाड गेलं तेव्हापासून ह्याने तोंडच फिरवलं. एक फळ नाही. बायको मेल्यासारखा बसतो नुसता."

पॉलिनचा हात खुंट्यावरच राहिला.

"काय म्हणालीस?"

"काय म्हणाले? तोंड फिरवलं म्हणाले."

"त्याच्या पुढचं."

"बायको मेल्यासारखा..."

पॉलिन उठली. पिठाचे हात तसेच. बुंध्याजवळ जाऊन तिने पाहिलं. फुलंच फुलं, आणि खाली सडा, अगदी तिच्या वाडीतल्यासारखा. तिच्या डोळ्यांसमोर त्या गुंतलेल्या फांद्या उभ्या राहिल्या, बयच्या झाडाच्या आणि ह्याच्या. बयचं झाड इतकं फळायचं ते कोणाच्या जोरावर? आणि तिने काय केलं? पानमळा समजून शंभर आया आणून लावल्या आणि बाप धुण्याच्या दगडावर ठेवून आली.

"वहिनी, एक डबा दे. आणि ओलं फडकं."

"आत्ता? अगं, मांडवात माणसं जमतायत!"

"दळण झालंय माझं. उद्या येते चर्चला. डबा दे."

लग्नघरातून आत्या फुलांचा डबा मांडीवर घेऊन रिक्षाने पापडीला पळाली, ही गोष्ट नंदाखालला पुढे कित्येक वर्षं सांगितली जात होती. घरी येऊन तिने पदराची पिन काढली. जावयाचं एकेक फूल पिनेच्या टोकावर धरायचं, आपल्या झाडाच्या फुलाच्या मध्यावर हलकेच घासायचं, आणि त्या जागी गजऱ्याचा दोरा बांधायचा. ॲन्सेल्मने कंदील धरला, कारण दिवस मावळला होता.

"हे काय चाललंय, विचारू का?"

"सोयरीक."

दुसऱ्या दिवशी रोझलीनचं लग्न. पॉलिन नवी साडी नेसून मिस्साला निघाली आणि निघता निघता वाडीत डोकावली. खाली सडा होता, रोजच्यासारखा. पण दोरा बांधलेली बरीचशी फुलं बुंध्यालाच होती. त्याच्याही दुसऱ्या दिवशी होती. आठवड्याभरात त्यांच्या जागी हिरवी बोटं दिसू लागली, करंगळीच्या नखाएवढी. पॉलिनने कोणाला सांगितलं नाही. मोहित्यांना तेवढं बोलावलं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि पुन्हा दापोलीला विचारलं. तिकडून उत्तर आलं की काही कोकोची झाडं स्वतःच्या परागाने फळत नाहीत, आणि एका झाडाच्या सगळ्या फांद्या म्हणजे ते एकच झाड.

"हे मी आधी विचारायला हवं होतं," मोहिते म्हणाले.

"मी पण. पण आम्ही पानवेलवाले, आम्हाला हा प्रश्नच सुचायचा नाही."

पिनेने किती फुलं घासणार? जावयाच्या फांद्या हव्या होत्या, आणि त्या मागायला जाणं भाग होतं. पॉलिन नंदाखालला गेली तेव्हा सॅन्टन मांडवाचे बांबू सोडत होता.

"दादा, जावई पाहिजे."

"लखलाभ म्हणून गेली होतीस ना?"

"म्हणाले होते. आता मागायला आलेय."

सॅन्टन बांबू खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिला. मग झाडाकडे. तिने सगळं सांगितलं. तो बुंध्याजवळ गेला, एक गळलेलं फूल उचलून तळहातावर घेतलं.

"म्हणजे मी बयचं झाड तोडलं, तेव्हा ह्याचंही तोडलं."

"आणि मी ह्याला इथे टाकून गेले. झालं ते झालं. कोयता कुठाय?"

"कोयता कशाला, कात्री आणतो. कोयत्याने साल फाटते," सॅन्टन म्हणाला. "आणि ऐक, पॉलिन, फुकट नाही द्यायचा. तुझ्या त्या शंभरातली दोन रोपं इथे लावायची. ह्याच्या शेजारी."

"चार देते. पण चहा आधी."

त्या वर्षी नाताळच्या सकाळी मिस्साहून आल्यावर पापडीच्या घरात दूध उकळत होतं. फळं मोजकीच होती, पण कुटलेल्या कोकोचा तो कडवट वास घरभर भरला तेव्हा सॅन्टनने कप तोंडाला लावला आणि रिकामा करून दुसऱ्यांदा पुढे केला. ॲन्सेल्मने केळीचं नाव काढलं नाही.

त्यानंतरचं थोडक्यात. जयवंत मोहित्यांची दुसऱ्याच वर्षी बदली झाली. निवृत्त होऊन ते गावी साताऱ्याकडे गेले. जाताना कोकोची जोडी नेली. ती काही तिकडच्या उन्हात जगली नाही, पण फोन आला की आधी ते झाडांची चौकशी करतात, मग माणसांची. रोझलीन नवऱ्याबरोबर इस्रायलला गेली, आता तिची पोरं तिथल्या शाळेत आहेत. दर नाताळला पुडी मागवते. क्लेमेंटीन जावयाखाली बसून कोकोच्या वड्या करायला शिकली आणि नंदाखालच्या सणात तिच्या वड्या आधी संपतात. सॅन्टनचे गुडघे गेले. त्याच्या दारात जावयाशेजारी बयच्या झाडाची चार रोपं उभी आहेत, फांद्या आता एकमेकींत शिरल्यात, आणि तो खुर्ची टाकून त्यांच्या खालीच बसतो. ॲन्सेल्म दोन हजार सातच्या पावसाळ्यात गेला, झोपेतच, कोणाला त्रास न देता. त्याच्या शवपेटीवर बायकोने एक पिवळं फळ ठेवलं होतं. पाद्रीबाबांनी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "त्यांचं आहे. राहू दे."

पॉलिन आहे. वाडीत बयच्या ओळीला जावयाची ओळ, अशी बाग उभी आहे. रोपं मागायला लांबून माणसं येतात. कोणी म्हणतं, बाई, ते चांगलं धरणारं तेवढं द्या, दुसरं नको. पॉलिन त्याला पाणी देते, सावलीत बसवते, आणि एकटं रोप देत नाही. जोडी न्यायची असेल तर न्या.